नवापूर ते जळगाव: ओंडक्यांची गाडी आणि मोकळा फाळका

नवापूरकडून गोल लाकूड भरून जळगाव-भुसावळकडे निघणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो. घाटात उताराला जपा, ब्रेक तापू देऊ नका, केबिनमागचा बोर्ड भक्कम ठेवा. सल्ला खोटा नाही, पण या रस्त्याला निम्माच लागू पडतो. भरलेली गाडी नवापूरहून पूर्वेला निघते तेव्हा कोंडाईबारीचा घाट तिला चढायचा असतो. उतरायचा असतो रिकाम्या गाडीला, परतीच्या वाटेवर. चढाला लाकूड मागे सरकतं. आणि मागे असतो एक फाळका, म्हणजे बॉडीचं मागचं दार, त्याच्या दोन खिट्ट्या, आणि त्याच्यामागे कुणी तरी मोटरसायकलवाला.

हे मला ना मुकादमाने सांगितलं, ना माल देणाऱ्याने, ना माल आवळायचे बेल्ट विकणाऱ्याने. म्हणून लिहितोय. थोडं चिडून लिहितोय, तेवढं समजून घ्या.

माल होता मालकीचा साग, शेताच्या बांधावरचा, आणि त्यावर निलगिरीच्या सोललेल्या बल्ल्या. कागदांवर फार शब्द घालवत नाही. सागाला वनखात्याचा वाहतूक परवाना आणि प्रत्येक नगाच्या, म्हणजे ओंडक्याच्या, टोकावर हातोड्याचा शिक्का लागतो. २०२३ च्या अखेरीस देशभर एकच ऑनलाइन परवाना प्रणाली सुरू झाली असली तरी परवान्याची कागदी प्रत खिशात ठेवा, मोबाइलची रेंज डोंगरात गेली की नाक्यावर अडून बसाल. यादीतले नंबर आणि नगांवरचे नंबर निघण्यापूर्वी स्वतः जुळवा. टोकांवर लाल रंगाने लिहिलेले हे नंबर पुढे भलत्याच कामी आले.

आम्ही पोचलो तेव्हा दहा चाकी भरून तयार होती. मुकादम खुशीत. "नाना, रोड एक नंबर झालाय आता, दोर टाकले की पुरे. बेल्ट तर वरून एक्स्ट्रा." बांधणीचे अडीच हजार वेगळे मागितले. भरणीत ते धरलेले नव्हते म्हणे. बेल्टही त्यानेच एका दुकानातून आणवले, एका बेल्टाला नऊशे. बेल्टवर मोठ्या अक्षरात '५ टन' छापलेलं. चार बेल्ट, म्हणजे वीस टन धरणार, माल पंधराच्या आसपास, मग काळजी कसली, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब संपूर्ण चुकीचा आहे आणि अर्धा खानदेश याच हिशेबावर लाकूड हाकतो.

'५ टन' हा बहुतेक बेल्टांवर तुटण्याचा आकडा असतो, नाही तर वेढा घालून दुहेरी धरलेल्या पट्ट्याचा. दोन इंची चांगल्या बेल्टला बारीक अक्षरांचं शिवलेलं लेबल असतं. त्यावर सरळ ओढीला तो किती धरतो ते लिहिलेलं असतं, साधारण अडीच टन. त्याच लेबलवर आणखी एक आकडा असतो, हाताने रॅचेट (पट्टा ताणायची दातेरी खटकी) मारल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष किती ताण येतो तो. साध्या रॅचेटला हा तीन-साडेतीनशे किलोच्या घरात असतो. आपण बेल्ट मालावरून टाकून दोन्ही बाजूंना अडकवतो, तेव्हा मालाला खाली दाबतो तो एवढाच ताण, दोन बाजूंचा मिळून सहा-सातशे किलो. तोही कोऱ्या बेल्टचा आणि तगड्या माणसाने मारलेला. लाकडावर लाकडाची पकड दाबाच्या तीस-चाळीस टक्के धरली, तर एक बेल्ट माल सरकण्यापासून जेमतेम दोन-अडीचशे किलोने रोखतो. चार बेल्टांचे झाले हजार किलो. युरोपात माल बांधण्याचा जो दंडक आहे त्यात पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर सहन झाला पाहिजे असं धरतात. पंधरा टनांचे पन्नास टक्के म्हणजे साडेसात टन. लाकडाच्या स्वतःच्या वजनाची पकड त्यातला बराच भाग उचलते, पण साल ओली किंवा सोललेली असेल तर तीही घटते. उरलेलं कोण धरणार? पुढचा बोर्ड, बाजूचे उभे खुंटे आणि मागची साखळी. बेल्ट माल दाबून एकजीव ठेवतो, एवढंच त्याचं काम.

आमच्या बेल्टांना लेबलच नव्हतं. बिनलेबलाचा बेल्ट फुकट दिला तरी घेऊ नका.

आता भरणी. खाली सागाचे जाड नग, बुंधे सगळे एकाच बाजूला, केबिनकडे. त्यामुळे थप्पी पुढे उंच आणि मागे उतरती. एक नग बुंध्याने पुढे, पुढचा शेंड्याने पुढे असं उलटसुलट लावलं की थप्पी सपाट बसते. इथे तसं नव्हतं. मधल्या पोकळीत आखूड नग कोंबलेले. आणि वर निलगिरी. सोललेली निलगिरी, त्यात थंडीचे दिवस, पहाटेचं दहिवर पडलेलं. हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखी. साल असलेल्या आणि सोललेल्या लाकडाच्या बांधणीत बाहेरदेशी नियमातच फरक करतात: सालीसकट आखूड नगांच्या थप्पीला एक आवळणी चालते, सोललेल्याला लांबी कितीही असो, दोन. आपल्याकडे सोललेलं लाकूड हलकं म्हणून त्याला कमी दोर.

मी म्हटलं, वरचं उतरवून पुन्हा रचा. तर हमाली डबल. हमालांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी सांगितलं तसं भरलं. पण रात्र व्हायला आली होती, आणि मुकादम म्हणाला, "एवढी काळजी असेल तर दोन पोरं वर बसवून देतो, लक्ष ठेवतील." याला मात्र मी साफ नाही म्हणालो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि वर बसलेले पंधरा-सोळा मजूर गेले. ती पपई होती, हे लाकूड आहे. मालावर माणूस बसवायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

नवापूर ते विसरवाडी काही विशेष नाही. विसरवाडीला चहा घ्या आणि गाडीभोवती फिरा. इथली तपासणी चुकवू नका. भरलेलं लाकूड पहिल्या काही किलोमीटरात बसतं, साली दबतात, फटी मिटतात आणि निघताना सतारीच्या तारेइतके ताणलेले बेल्ट ढिले पडतात. अमेरिकेच्या नियमात पहिल्या ८० किलोमीटरच्या आत तपासा असं आहे. आपल्या गतिरोधकांवर ८० फार झाले. आम्ही विसरवाडीला पाहिलं तर चारही बेल्ट हाताने हलत होते. प्रत्येक रॅचेटला तीन-चार दात पुन्हा बसले. नायलॉनच्या दोराचं तर विचारूच नका. नायलॉन ताण आला की लांबतो, दहिवराने भिजला की आणखी लांबतो, आणि जिथे गाठ मारता तिथे त्याची ताकद निम्म्यावर येते. दोर ताडपत्रीला ठीक आहे.

मग घाट. महामार्ग बराच सुधारलाय, हे खरं. पण आम्ही गेलो तेव्हा मध्ये एके ठिकाणी काम चालू होतं आणि वाहतूक जुन्या रस्त्यावर वळवलेली. नव्या काँक्रीटवरून जुन्या डांबरावर उतरताना चांगली हातभर उंचीची पायरी, पुढे लगेच चढ, आणि चढावर आमच्यापुढे उसाची ट्रॉली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ती थांबली की आम्ही थांबायचं. ती हलली की पहिल्या गिअरात झटका देऊन सुटायचं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. आणि प्रत्येक झटक्याला मागून एक बारीक आवाज, कुणी तरी पाट सरकवल्यासारखा.

बापू, आमचे ड्रायव्हर, पंचवीस वर्षं हेच करतात. ते म्हणाले, बेल्ट वाजतोय. क्लीनर पोरगं आरशातून बघत होतं, तेच ओरडलं, "बापू, लाकूड मांगे सरकी ऱ्हायनं!"

बाजूला घेतली. चढावरच, दुसरी जागाच नव्हती. दोन्ही मागच्या चाकांना गुटके लावले, आणि मग मी मागे न जाता बाजूने वाकून टॉर्च मारला. भरताना सगळी टोकं एका रेषेत होती, लाल नंबर ओळीने वाचता येत होते. आता वरच्या थराचे नंबर जागच्या जागी. पण थप्पीच्या पोटातले, बेल्टाने ज्यांना शिवलंही नव्हतं असे तीन-चार आखूड नग वीतभर बाहेर आलेले. त्यातल्या एकाची साल खालच्या नगावर घासून सोलली गेली होती, आतलं ओलं पिवळं लाकूड दिसत होतं. त्याचं टोक फाळक्याला टेकलेलं, आणि फाळक्याची उजवी खिट्टी वाकून अर्धी बाहेर.

वरून टाकलेला बेल्ट वरचे आणि कडेचे नग दाबतो. पोटातल्या आखूड नगावर तो दाब पोचतोच असं नाही, लांब नग एकमेकांवर कमान करून बसतात आणि आखूड नग त्यांच्याखाली मोकळा राहतो. थरथरीने तो बोटभर चालला तरी कुणाला दिसत नाही. चढ आणि झटके मिळाले की तो बाहेरच येतो. म्हणून आखूड नग पोटात घालूच नका. घालायचेच असतील तर सगळ्यात खाली, बोर्डाला भिडवून, आणि त्यांच्यामागे आडवा ओंडका किंवा पाचर ठोकून. आखूड माल वेगळ्या थप्पीत, त्याचे स्वतःचे खुंटे आणि स्वतःची आवळणी, हे सगळ्यात बरं.

साखळी आमच्याकडे नव्हती, कारण "दोर पुरे". घाटातल्या एका पंक्चरवाल्याकडे होती. तीन हजार म्हणाला. एका साखळीचे आणि दोन पहारींचे, तेही तासाभरापुरते. घासाघीस करायची ती जागा नव्हती आणि त्याला ते माहीत होतं. वर गेल्यावर ज्या ढाब्याच्या सपाट मैदानात गाडी लावली, त्याने उभं राहण्याचे पाचशे घेतले, जेवण वेगळं. मुकादमाचे अडीच हजार, बेल्टांचे छत्तीसशे, साखळीचे तीन हजार, मैदानाचे पाचशे. स्वतःच्या मालकीच्या दोन चांगल्या साखळ्या आणि ताणायचे स्क्रू यापेक्षा स्वस्तात येतात आणि पुढची कित्येक वर्षं पुरतात. साखळी आठ मिलीमीटरची, ८० ग्रेडचा शिक्का असलेली घ्या. विहिरीची मोटर सोडायची साखळी नको.

चढावर सरकलेला नग आत ढकलायचा प्रयत्न कुणीही करू नये. आम्ही साखळी मागच्या टोकांवरून आडवी घेतली, दोन्ही टोकं तिरपी पुढे ओढून बॉडीखालच्या चासीला अडकवली आणि ताणली. बॉडीच्या पत्र्याला वेल्डिंग केलेल्या कड्यांना नाही. त्या कड्या ताडपत्रीच्या दोरासाठी असतात, एक आधीच उचकटून आली होती. मग पहिल्या गिअरात, न थांबता, वर. ट्रॉलीला आधी पुढे जाऊ दिलं, चांगलं अर्धा तास. अर्धा तास गेला तर गेला.

वर सपाटीवर निलगिरी उतरवली, पोटातले नग बाहेर काढले, पुन्हा रचलं. पहाट झाली. अंगात त्राण नव्हतं, आणि बापू निवांत तंबाखू मळत म्हणाले, "आता जाईन लखनौला पण." खरं सांगतो, त्या रचलेल्या थप्पीकडे बघून मलाही तसंच वाटलं.

रचताना जे पाळलं ते सांगतो. सगळ्यात पुढचे नग बोर्डाला टेकलेले, मध्ये फट नाही. फट असली की ब्रेक मारल्यावर नग धावत येऊन आदळतो, टेकलेला असेल तर नुसता दाबतो. बोर्डाच्या वर एकही नग नाही. बोर्डावरून सुटलेला नग केबिनची काच मागून फोडून आत येतो. बाजूला प्रत्येक कडेच्या नगाला किमान दोन खुंटे, आणि नगाचं टोक शेवटच्या खुंट्याच्या पुढे फूटभर तरी गेलेलं. जेमतेम खुंट्यापर्यंत पोचणारा नग पहिल्या वळणाला खुंट्याच्या आतून सटकतो. कडेचे नग खुंट्याच्या उंचीच्या खालीच. थप्पी मध्ये थोडी उंच, कडेला उतरती, म्हणजे बेल्ट सगळ्या वरच्या नगांना शिवतो. सपाट थप्पीवर तो नुसत्या दोन कडा दाबतो. प्रत्येक आवळणी दोन खुंट्यांच्या मध्ये. आणि शेवटी मागच्या टोकांवर गेरूची एक आडवी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आरशात किंवा थांब्यावर नुसती रेघ बघायची. रेघ तुटली की काही तरी चाललंय.

पर्यायी रस्त्यांबद्दल विचाराल म्हणून सांगतो. चरणमाळ घाटाने पिंपळनेरला निघायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याशी बोलणंच बंद करा, लाकडाच्या गाडीने ती वळणं नकोच. विसरवाडीहून नंदुरबार, दोंडाईचा करत येणारा रस्ता लांब पडतो, डिझेल जास्त जातं, पण मोठा घाट लागत नाही. सोललेली निलगिरी असेल तर मी पुढच्या वेळी तिकडूनच येईन. उसाचा हंगाम तिथेही आहे, ट्रॉल्या तिथेही आहेत, त्यांच्यामागे चढावर उभं राहावं लागत नाही एवढंच. शिरपूर, चोपडा, यावल करत रावेरकडे जायचं असेल तर बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या खड्ड्यांचा हिशेब धरून दर तासाला उतरून बेल्ट बघा. चाळीसगावहून कन्नड घाटाने वर संभाजीनगरला लाकूड न्यायचा विचार असेल तर तो सोडा, त्या घाटात २०२३ पासून न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी आहे.

वजन आधी काट्यावर करा. दहा चाकीला गाडी-माल मिळून साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. ओल्या निलगिरीचा घनफूट तीस किलोच्या आसपास भरतो, व्यापारी वाळलेल्याच्या हिशेबाने सांगतो. जादा भरलं तर वीस हजार दंड आणि वर दर टनाला दोन हजार. नग बाजूला, मागे किंवा वर बाहेर आला तर त्याचेही वीस हजार, शिवाय तिथेच उतरवण्याचा खर्च. आमचे ते वीतभर बाहेर आलेले नग दिवसा कुणी पाहिले असते तर साखळीवाला स्वस्त वाटला असता.

दहिवेल, साक्री, धुळे, फागणे, पारोळा, एरंडोल. लिहिण्यासारखं काही नाही. पारोळ्याच्या पुढे एका ठिकाणी भरीत-भाकरी खाल्ली, छान होती.

जळगावात वखारीत पोचल्यावर सगळ्यांना घाई. हीच वेळ सगळ्यात वाईट, कारण रस्त्यात न पडलेलं लाकूड इथे पट्टा सोडताना पडतं. बेल्ट सोडण्याआधी गाडीला पूर्ण फेरी मारा आणि थप्पी कुठल्या बाजूला कलली आहे, कुठला खुंटा वाकलाय ते बघा. गाडी सपाटीवर हवी. वखारीच्या दारातला उतार चालणार नाही. ज्या बाजूला कल आहे त्याच्या विरुद्ध बाजूने, थप्पीच्या टोकाकडे उभं राहून रॅचेट सोडा. समोर कुणी उभं नको, बापूही नाही, मालकही नाही. एकदम सगळे नाही, एकेक, आणि प्रत्येकानंतर थांबून थप्पी बघायची. खुंटा हातोड्याने खालून ठोकून काढायची जी पद्धत आहे ती बघवत नाही. आमच्याकडे एक हमाल तेच करायला निघाला, त्याला हात धरून बाजूला घेतला. तो हसला. माल क्रेनने वरून उचलला, वेळ दीडपट लागला.

मुकादमाला फोन केला. बांधणीचे अडीच हजार परत देणार नाही म्हणाला, "गाडी पोचली ना?" बेल्टही परत घेणार नाही. तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनो, बांधणीचे पैसे विसरवाडीला गाडी तपासून झाल्यावर फोनवरून पाठवतो असं भरणीआधीच ठरवा. ऐकत नसेल तर स्वतःच्या साखळ्या, स्वतःचे लेबलवाले बेल्ट न्या आणि त्याला फक्त भरणीचे द्या. आणि फाळक्याच्या खिट्ट्या निघण्यापूर्वी बदलून घ्या.